झुकतं वाचन

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी, २०४१ च्या मार्चमध्ये, हेमलताबाई डोंगरवारांना खंडपीठातून फोन आला. फोन रुबिना काझीचा होता. एके काळी हेमलताबाईंच्या हाताखाली शिकलेली रुबिना आता अनुवाद विभागाची प्रमुख होती, आणि त्या विभागात माणसं उरली होती तीन.

"मॅडम, मोठ्या पीठाचा नवा निकाल वाचला असेल तुम्ही."

हेमलताबाईंनी तो वाचला होता. सवयच होती, सकाळी चहाबरोबर निकाल वाचायची. यापुढे यंत्राच्या अनुवादावर अपिलं चालवायची असतील तर आधी दोनशे फाइली अनुभवी माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात, असं त्यात म्हटलं होतं.

"मग ते काम तुमचं," रुबिना म्हणाली. "मूळ मराठीवरून हाताने अनुवाद केलेला, विभागाबाहेरचा प्रमाणित अनुवादक आता दुसरा कोणी मिळत नाही."

हेमलताबाई हो म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला.

हे काम काय असतं ते थोडं सांगायला हवं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, कारकून ते मराठीत उतरवून घेतो आणि न्यायाधीश ते स्वतःच्या कानांनी ऐकतो. अपील वर गेलं की साक्षीदार मागे राहतो. वर जातो तो फक्त कागद, आणि तोही इंग्रजीत. खालच्या कोर्टाने ऐकलेलं असतं, वरच्याने वाचायचं असतं. मधला पूल म्हणजे अनुवादक. हेमलताबाईंनी एकतीस वर्षं हा पूल सांभाळला. त्यांच्या अनुवादाला कधी कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी तयार केलेला शब्दसंग्रह आजही 'डोंगरवार कोश' म्हणून ओळखला जात होता.

पुढे यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. कोर्टात सगळे त्याला 'वाचक' म्हणत. हस्तलिखित असो, टंकलिखित असो, वऱ्हाडी असो की अहिराणी, वाचक एका मिनिटात पाचशे पानं इंग्रजीत आणायचा. पूर्वी चौदा-चौदा वर्षं पडून राहणारी अपिलं दोन वर्षांत निकाली निघू लागली. निकालाकडे डोळे लावून तुरुंगात बसलेली कितीतरी माणसं त्यामुळे सुटली, हेही खरं.

वाचक अक्षर आपल्यासारखं एकेक करून वाचत नसे. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय असण्याची शक्यता किती, याचा तो हिशेब मांडायचा आणि मग कागदावरच्या खुणा त्या अंदाजाशी जुळतात का ते पाहायचा. खूण अस्पष्ट असेल तर अंदाज जिंकायचा. अंदाज मात्र इतका पक्का असला की स्पष्ट खूणही हरायची. ती टंकलेखनाची चूक धरली जायची. हा अंदाज त्याला कुणी शिकवला? कोर्टाच्या तळघरातल्या चाळीस वर्षांच्या प्रमाणित अनुवादांनी. एकीकडे मूळ मराठी पान, दुसरीकडे माणसाने केलेलं इंग्रजी, अशा लाखो जोड्या त्याला दाखवल्या होत्या. ज्या अनुवादकावर कधी हरकत आली नाही, त्याच्या जोड्यांना वजन जास्त.

तपासणीच्या चौथ्या दिवशी, सत्तावन्नाव्या फाइलीत, हेमलताबाई थांबल्या.

अपील ललिता पेंदाम नावाच्या बाईचं होतं. कारखान्याच्या फाटकाशी नवराबायकोची ढकलाढकली झाली आणि नवरा मागे येणाऱ्या ट्रकखाली गेला. खालच्या कोर्टाने सदोष मनुष्यवध धरून सहा वर्षं दिली. सरकारचं म्हणणं, हा खून आहे, शिक्षा वाढवा. सुनावणी नऊ दिवसांवर होती. वॉचमनच्या साक्षीतलं वाक्य टंकलिखित, स्वच्छ होतं: 'बाई गेटजवळ डबा धरून उभी होती.' वाचकाच्या इंग्रजीचा अर्थ होता, बाई गेटजवळ दबा धरून उभी होती.

हेमलताबाईंना हसू आलं. कसलं हे यंत्र. नवऱ्याच्या जेवणाचा डबा घेऊन उभी असलेली बाई याने मारेकरी करून टाकली. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'गंभीर चूक' लिहिलं. मग कुतूहल म्हणून दुरुस्तीवर बोट ठेवलं. प्रत्येक दुरुस्तीचा आधार दाखवायची सोय वाचकात होती.

आधार आला: फौजदारी अपील, सरकार विरुद्ध गुणवंत सरोदे, २०२०. अनुवाद: हे. डोंगरवार.

हसू तिथेच मावळलं. त्यांना आठवायला वेळ लागला नाही, कारण त्या हे प्रकरण कधी विसरल्याच नव्हत्या. फक्त त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं.

गुणवंत सरोदे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याचा धाकटा भाऊ, देविदास, दारू प्यायचा. भांडून पंधरा दिवस घराबाहेर होता. जानेवारीच्या एका संध्याकाळी गुणवंत त्याला पुलावर भेटला. बोलाचाली झाली, तिथे पडलेला लोखंडी दांडा गुणवंतने उचलला आणि एक घाव घातला. भाऊ गेला. जिल्हा न्यायाधीशांनी सगळे साक्षीदार ऐकून सात वर्षं दिली. रागाच्या भरात घडलं, असं त्यांना वाटलं. सरकार अपिलात गेलं.

पुलाजवळच्या चहावाल्याची साक्ष हाताने लिहिलेली होती. हेमलताबाईंकडे आली ती झेरॉक्सची झेरॉक्स. 'गुणवंता कठड्यावर' हे लागत होतं. त्यापुढचा शब्द ड की द, कळत नव्हतं. मग 'धरून बसला होता.' आणि पुढे: 'गार झाला तरी उठला नाई.'

खुनाची फाइल, आरोपी, पूल, संध्याकाळ, आणि 'धरून बसला होता.' त्यांच्या मनाने शब्द आधीच भरून टाकला होता: दबा. पण 'गार झाला' तिथे खुपलं. काय गार झाला? हवा गार झाली असती. वातावरण गार झालं असतं. माणूस गारठतो, गार झाला म्हणतात तो मेलेला. मराठीतलं लिंग खोटं बोलत नाही. तिथे कुठला तरी पुल्लिंगी पदार्थ होता, आणि तो थंड झाला होता. शंका आली की जिल्ह्यातून मूळ कागद मागवायचा, असा नियम होता. त्याची चिठ्ठी त्यांनी लिहायलाही घेतली. कागद यायला आठ दिवस लागले असते. त्या दिवशी शुक्रवार होता, फाइल सोमवारी हवी होती, आणि शनिवारी सगळं घर पचमढीला निघणार होतं. त्यांनी चिठ्ठी फाडली. 'थंडीने गारठला तरी उठला नाही' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं. वाक्य छान बसलं.

खंडपीठाने खून धरला. जन्मठेप.

आता जिल्ह्यातली सगळी जुनी रेकॉर्डं यंत्रात चढवलेली होती. आठ दिवसांचं काम चार सेकंदांत झालं. पडद्यावर मूळ पान आलं. निळी शाई, कारकुनाचं टपोरं अक्षर. ड होता. शंकेला जागाच नव्हती.

 हेमलताबाईंनी सरोदे प्रकरणाचा निकाल उघडला. पान एकोणीस: आरोपी मयतासाठी दबा धरून बसला होता, यावरून त्याचा पूर्वनियोजित हेतू निर्विवाद सिद्ध होतो. त्या एका शब्दावर सगळा परिच्छेद उभा होता.

दुपारी त्यांनी रुबिनाला बोलावलं आणि दोन्ही पानं समोर ठेवली.

रुबिनाने वाचलं. "झेरॉक्स बघा ना, मॅडम. कुणीही चुकलं असतं."

"मला शंका आली होती, रुबिना. मी चिठ्ठी फाडली."

रुबिनाने झेरॉक्स बाजूला ठेवली.

"आणि मला भीती वाटतेय ती वेगळीच," हेमलताबाई म्हणाल्या. "याने माझा एक शब्द उचलला असेल तर ठीक. याने माझी खोड उचलली असेल तर?"

त्यांनी एक प्रयोग केला. 'तो डबा धरून बसला होता' हे वाक्य त्यांनी वाटणीच्या एका दिवाणी फाइलीत टाकलं. वाचकाने जेवणाचा डबा वाचला. तेच वाक्य फौजदारी फाइलीत टाकलं, दबा झाला. मग त्यांनी दोन अर्थ निघतील अशी चारशे वाक्यं तयार केली. 'त्याने तिचा हात धरला.' दिवाणीत त्याने तिचा हात हातात घेतला, फौजदारीत पकडला. 'अर्ज दिला नाही.' म्हणजे माणसाने अर्ज केला नाही, की कचेरीने त्याला अर्जाचा कागदच दिला नाही? पेन्शनच्या आणि नोकरीच्या अपिलांत वाचकाला दर वेळी माणसाचाच दोष दिसला. आकडे आले तेव्हा बाहेर ऊन उतरत होतं. फौजदारीतल्या दर शंभर दुहेरी वाक्यांपैकी एकाहत्तर आरोपीविरुद्ध वाचली गेली होती. हेमलताबाईंच्या जोड्या काढून वाचकाला पुन्हा चालवलं, तर चोपन्न.

सतराचा फरक.

"मी एकदा नाही चुकले," हेमलताबाई म्हणाल्या. "शिक्षा झालेला माणूस म्हणजे गुन्हेगारच, असं धरून मी एकतीस वर्षं वाचत होते. मला ते कळलंही नाही. याने मोजून दाखवलं."

रुबिनाने दार लोटून घेतलं. "मॅडम, पेंदामबाईची फाइल आपण आज दुरुस्त करू. सुनावणीच्या आधी जाईल. झुकाव आहे एवढंही कळवते मी, तांत्रिक बाब म्हणून. पण सरोदेचं प्रकरण काढू नका. ते काढलं की वाचकाने हात लावलेली तीन हजार अपिलं उघडावी लागतील, आणि तोवर वाचक बंद. आज दहा हजार लोक रांगेत आहेत. त्यांचं काय? तो माणूस तर शिक्षा भोगून सुटलाही असेल."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हेच हेमलताबाईंना जड जात होतं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. विलासराव बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. ते म्हणाले, "एकटी तूच होतीस का? कारकून होता, वकील होता, दोन न्यायाधीश होते."

"त्या सगळ्यांनी माझं इंग्रजी वाचलं. मराठी वाचणारी मी एकटीच होते."

विलासरावांनी विचारलं, "पचमढीची ट्रिप का ती?"

"हो."

त्या सहलीचा फोटो दिवाणखान्यात नव्हता, आत कुठे तरी अल्बममध्ये होता. तरी दोघांनीही क्षणभर भिंतीकडे पाहिलं.

दोन दिवसांनी हेमलताबाईंनी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात झेरॉक्स अस्पष्ट होती हे लिहिलं आणि शंका आली होती हेही लिहिलं. चिठ्ठी फाडल्याचंही लिहिलं. त्यांच्या वकिलाने ते वाक्य गाळायला सुचवलं होतं. त्यांनी ठेवलं.

पुढचे आठ महिने वाईट गेले. वर्तमानपत्रांत नाव आलं. जुने सहकारी फोन उचलेनासे झाले. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या होत्या त्या साहेबांनी निरोप पाठवला की ज्यांनी ते निकाल दिले त्या मेलेल्या न्यायाधीशांनाही तुम्ही सोडलं नाहीत. खंडपीठाने वाचक पूर्ण बंद केला नाही, पण जिथे दोन अर्थ निघतात तिथे त्याने दोन्ही अर्थ दाखवलेच पाहिजेत, असा आदेश दिला. अपिलांचा वेग निम्म्यावर आला. रांगेतल्या दहा हजारांमधला एक म्हातारा कैदी सुनावणीच्या आधी वारला; ती बातमी हेमलताबाईंनी कापून ठेवली. ललिता पेंदामची सहा वर्षं सहाच राहिली. जुन्या निकालांपैकी एकसष्ट निकाल चुकीच्या वाचनावर उभे असल्याचं निघालं. त्यातली अकरा माणसं अजून आत होती.

गुणवंत सरोदे आत नव्हता. सतरा वर्षं भोगून तो २०३४ साली सुटला होता. सात वर्षांची शिक्षा कायम राहिली असती तर २०२४ मध्ये सुटला असता. खंडपीठाने खुनाचा ठपका काढला आणि निकालाची प्रत त्याला पाठवली. प्रत पोचल्याची पावती आली तेव्हा हेमलताबाई त्याला भेटायला गेल्या.

तो एका तालुक्याच्या गावी ई-रिक्षांच्या चार्जिंगच्या शेडवर राखणीला होता. चौसष्ट वर्षांचा, सडपातळ, दाढी पांढरी. हेमलताबाईंनी नाव सांगितलं. त्याला ते नाव माहीत होतं, निकालात होतं. त्याने प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली आणि स्वतः उभा राहिला.

"बसा तुम्ही पण, गुणवंतराव."

"नाई, मी बरा."

जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं, चिठ्ठीसकट. 

"कोनतं अक्षर थे? दाखवा बरं," शेवटी तो म्हणाला.

त्यांनी पर्समधून कागद काढून ड आणि द शेजारी शेजारी लिहिले. त्याने कागद लांब धरून पाहिला.

"म्या वकिलाले सांगतलं होतं, साहेब, डबा होता माह्या हातात. देविदास पंधरा दिवस उपाशी-तापाशी फिरत होता, आईनं भाजी-भाकर देल्ली होती. थे मने, अपिलाच्या इंग्रजी पेपरबुकात डबा नाई. कागदात नाई थे बोलता येत नाई." त्याने कागद घडी करून परत दिला. "मारलं म्याच. थे काई खोटं नाई. त्यानं डब्याले लात मारली, आईले शिवी देल्ली, अन् माह्या हातून झालं. पन म्या त्याले जेवाले बसवासाठी गेलतो."

"माझ्यामुळे तुमची दहा वर्षं गेली. मी माफी मागायला आले आहे."

"माफीचं मी काय करू, बाई?"

हे तो रागाने बोलला नाही. खरंच विचारत होता.  शेडमध्ये एक रिक्षावाला आला, गुणवंतने त्याची वायर लावून दिली, परत आला.

"एक काम करता का? माही पोरगी आहे, प्रणिता. शाळेत मास्तरीन आहे. हे झालं तवा आठ वर्साची होती. तिची माय तिले घेऊन माहेरी गेली, मंग थेही वारली. पोरगी मले कदी भेटाले आली नाई. तिले वाटते, म्या आपल्या सख्ख्या भावासाठी दबा धरला. मी सांगतलं त खरं वाटनार नाई. तुमी सांगा."

प्रणिताची शाळा तिथून साठ किलोमीटरवर. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात मुलं जेवत होती, म्हणून ती हेमलताबाईंना मागच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. बत्तीस वर्षांची, चष्मा, हातावर खडूची पूड. तिने बातमी वाचली होती, पण ती आपल्या वडिलांची आहे हे मानायचं की नाही, हे ठरवलं नव्हतं. हेमलताबाईंनी मूळ पानाची प्रत तिच्या हातात दिली.

ती शिक्षिका होती. तिला चूक दाखवावी लागली नाही. तिने ते अक्षर पाहिलं, पुढचं वाक्य पाहिलं. "गार झाला," ती हळूच म्हणाली. "पुल्लिंगी आहे."

"हो."

"मी सोळा वर्षांची असताना मामांकडून तो इंग्रजी निकाल मागून घेतला होता. म्हटलं, स्वतः वाचते. पान एकोणीस. डिक्शनरी घेऊन बसले होते. त्या शब्दाचा अर्थ काढला आणि ठरवलं, या माणसाला भेटायचं नाही. त्यांची पत्रं यायची तुरुंगातून. मी ती फोडलीच नाहीत."

"त्यात तुझा दोष नाही, बाळ. तू माझं लिहिलेलं वाचलंस."

"दोष तुमचा, हे कळलं मला." प्रणिता कागदाकडेच बघत होती. "पण पत्रं तर मराठीत होती ना. त्यांच्या अक्षरात. ती न वाचायला मला तुम्ही सांगितलं नव्हतं." तिचा आवाज चढला नाही. "हे तुम्ही इथे येऊन सांगायला नको होतं. आतापर्यंत मी बरोबर होते."

 हेमलताबाईंना वाटलं होतं, सत्य सांगितलं की ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एकीच्या खांद्यावर गेलं होतं, आणि त्यांच्याही खांद्यावर तसंच होतं.

घंटा झाली. प्रणिताने प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली.

"वडिलांना काय सांगू?" हेमलताबाईंनी विचारलं.

"सांगा, येईन की नाही ते मला माहीत नाही." ती वर्गाकडे निघाली, दोन पावलांवर थांबली. "एवढंच सांगा. जास्त काही लावू नका त्याला."

हेमलताबाई परत शेडवर पोचल्या तेव्हा दुपार टळली होती. गुणवंत रस्त्यावर येऊन उभा होता. या वेळी त्याने खुर्ची पुसली नाही.

"काय मनली?"

सगळ्या रस्त्याने हेमलताबाईंच्या मनात वाक्यं तयार होत होती. 'वेळ लागेल तिला.' 'मनातून येणार आहे ती.' 'कागद नीट घडी करून ठेवला तिने.' शेवटचं तर खोटंही नव्हतं. कुठलंही एक सांगितलं असतं तरी म्हाताऱ्याच्या तोंडावर उजेड आला असता, आणि त्यात वाईट काय होतं.

"म्हणाली, 'येईन की नाही ते मला माहीत नाही.'"

"नाई येत, असं मनली का?"

"नाही. तसं म्हणाली नाही."

"मंग येतो मनली?"

"तसंही नाही म्हणाली."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, जणू अस्पष्ट कागद वाचत होता. "तुमाले काय वाटते?"

"मला काय वाटतं ते मी सांगणार नाही, गुणवंतराव. ती जेवढं बोलली तेवढं मी सांगितलं."

शेडमधल्या एका रिक्षाचं चार्जिंग पूर्ण झाल्याचा आवाज आला. गुणवंत तिकडे गेला, वायर काढली, ती नीट गुंडाळून खुंटीला अडकवली. मग परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"पुन्यांदा एक बार सांगा," तो म्हणाला. "तिच्याच शब्दात."

हेमलताबाईंनी सांगितलं.